एका हाकेला ओ

बाहेरून पेम्फेरोनं एकदा "ओदी!" म्हटलं आणि तू लगेच "ओदीनी, ये" म्हणालीस, फालेसी? अगं बाई, जिभेला काही हाड? अंधार पडल्यावर दारातल्या पहिल्या हाकेला आत ये म्हणायचं नसतं. माणूस असेल तर दुसऱ्यांदा ओरडेल, त्याचं काय जातंय! ये रे पेम्फेरो, उभा काय राहिलास भुतासारखा. रताळं घे, सोल आणि ऐक.

दात नका काढू. वीज गेलीय, तेव्हा पुस्तकं मिटा. ही गोष्ट मी म्बेवे सरांच्या तोंडून ऐकलीय, आणि तो माणूस बिअर सोडा, फांटासुद्धा पीत नाही.

तियामिके म्हणून एक पोर होती, वरच्या गावची. चौथ्या फॉर्मच्या परीक्षेला एकदा बसून इंग्रजीत आपटलेली. इंग्रजी गेलं की बाकी सगळं पास होऊनही दाखला नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. बापानं साफ सांगितलं, "आणखी एकदाच बस. नाही जमलं तर नाक्यावरचा किराणावाला विचारतोय, त्याच्या घरी जायचं." किराणावाला विधुर. त्याची थोरली पोर हिच्याच वयाची! तियामिके रात्रंदिवस पुस्तकाला चिकटली. रडायची आणि वाचायची. तेच पान, पुन्हा तेच पान. डोक्यात काही शिरेना.

जूनमधला शेवटचा गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी इंग्रजी, म्हणजे शेवटचा पेपर. चिपेरोनीच्या गार वाऱ्या-पावसाची झड लागलेली, हाडं काकडत होती. घरी दिवा नाही, शाळेत एका वर्गात सोलरचा होता. म्हणून न्सिमाचे दोन घास खाऊन ती वही घेऊन निघाली. मैत्रीण लोनेसी मागून येणार होती, दोघींनी मिळून वाचायचं ठरलं होतं. लोनेसीला तापानं झोपवलंय, हे हिला कुठलं कळायला?

बराच वेळ गेला. दिवसभर ऊन नव्हतं, दिवा पिवळा पडत चालला. आणि दारात हाक आली.

"ओदी!"

एकदाच.

"ओदीनी! ये ना गं, किती उशीर!" ही म्हणाली.

आत आली ती लोनेसी नव्हती. अंगात शाळेचा गणवेश, डोक्यावरून चितेंजे पांघरलेलं. ती मागच्या बाकावर बसली, जिथं उजेड पोचत नव्हता.

"उद्या इंग्रजी ना?"

"हो. तुझंही?"

"माझं तेवढंच राहिलंय."

आणि ती शिकवायला लागली. निबंध कसा उचलायचा, पत्र कसं संपवायचं. तियामिकेला ऐकताना सगळं कळायचं, पुस्तकात बघितलं की पुसलं जायचं. शेवटी तिनं वही फेकली.

"नाही गं होणार माझ्याच्यानं! मी पुन्हा नापास होणार. त्या म्हाताऱ्याच्या घरात ढकलतील मला. जीव देईन मी. काहीही कर, पण मला यातून सोडव."

ती पोर उठून जवळ आली. मग म्हणाली, "उद्यापुरता तुझा हात देतेस?"

"घे. घे की!" असं म्हणून हिनं उजवा हात पुढे केला.

तिनं धरला.

गार...

दिवा गेला. परत लागला तेव्हा वर्गात दुसरं कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरला देखरेख म्बेवे सरांची. सर म्हणाले, दरवेळी पेन चावत बसणारी ही पोरगी, आज हात थांबवेना. सरांना बरं वाटलं. मग जवळून गेले तेव्हा बघतात तर तियामिके कागदाकडे बघतच नाही. ती खिडकीतून बाहेर बघतेय. डाव्या हातानं बाक घट्ट धरलाय. उजवा हात एकटाच लिहितोय.

सरांनी पहिलं पान बघितलं. वर परीक्षेचा नंबर होता एकशे सतरा.

त्या वर्षी बसलेली पोरंच मुळी नव्वद. मग एकशे सतरा कुठून आला?

सरांना माहीत होतं कुठून आला. दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या गावची एनेलेसी होती, इंग्रजीत सगळ्यांच्या पुढं. इंग्रजीच्याच पेपरला पहाटे येताना ती नाक्यावर लॉरीखाली गेली. शाळेत अजून कळलं नव्हतं. गैरहजर पोराचा नंबर दारात उभं राहून तीनदा पुकारतात ना आपल्याकडे? तो म्बेवे सरांनीच पुकारला होता. एकशे सतरा. एकशे सतरा. एकशे सतरा.

कुणी आलं नव्हतं.

"तियामिके," सर वाकून म्हणाले, "पोरी, नंबर खोड. तुझा लिही."

तिनं वर बघितलं. डोळे भरलेले. "सर... ऐकत नाही."

"कोण ऐकत नाही?"

"हात."

"डाव्यानं लिही!"

तिनं डाव्या हातात पेन धरलं. उजवा पंजा नंबरावर पालथा पडला. तो उचलेना. तिनं ओढला... सरांनी ओढला... घंटा झाली.

दुसऱ्याच्या कागदावर सरांना पेन लावता येत नाही. त्यांनी तो तसाच गठ्ठ्यात घातला.

निकाल लागला. तियामिके बाकी सगळ्यात पास. इंग्रजीपुढं 'गैरहजर'. सर तिच्या बापाकडे गेले, बायबलवर हात ठेवून सांगितलं की पोर माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. बाप म्हणाला, "मग कागद काय खोटं बोलतो?" पोरीनं त्याचे पाय धरले, तेही एकाच हातानं. त्याच महिन्यात तिला नाक्यावर पोचवली.

मागच्या शनिवारी साबणासाठी मी त्या दुकानात गेलो होतो. गल्ल्यावर तीच. तिनं साबण डाव्या हातानं दिला. आपल्यात कुणी डाव्यानं दिलं तर आपण कानाखाली वाजवू. ती खाली मान घालून म्हणाली, "माफ करा काका." उजवा हात चितेंजेत गुंडाळलेला होता.

फळीवर मक्याचं पीठ सांडलं होतं. ती मला साबण कसा महागला ते सांगत होती, माझ्याकडे बघत. तेवढ्यात चितेंजेतून बोट बाहेर आलं. पिठात फिरलं.

एक. एक. सात.

तिचं लक्ष गेलं. तिनं डाव्या हातानं पटकन पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी साबण उचलला. मी निघालो. दारातून मागं वळून बघितलं... ती चितेंजेचं टोक डोळ्यांना लावून रडत होती, आणि पिठात बोट पुन्हा चाललं होतं.