चिकटलेली सहा पानं

शनिवारी साडेअकराला रोझविता केशेलेच्या दाराची बेल वाजली, तेव्हा तिचे दाजी ऑयगेन मसुराच्या भांड्याचं झाकण उचलून वास घेत होते. रोझविताची बहीण वारल्यापासून ते दर शनिवारी जेवायला यायचे आणि बोलावलेल्या वेळेच्या तासभर आधीच टपकायचे.

दारात एक बाई उभी होती. पंचावन्न-छप्पन्नची, कोट धुक्याने ओला.

"चोऱ्या शोधतात त्या केशेलेबाई तुम्हीच ना?"

"आधी विमा कंपनीसाठी खोटे अपघात शोधायचे. आता चोऱ्याही. बसा."

बाई बसल्या नाहीत. "मी मिरियाम रोझेनाउ. काल बासेलहून आले. माझ्या वडिलांची वही लोरिंगर संग्रहालयातून गेली. आज अकराला ती उघडायची होती."

लोरिंगर म्हटल्यावर ऑयगेननी झाकण खाली ठेवलं. एस्लिंगनमध्ये ते नाव सगळ्यांना माहीत. एकोणीसशे चोवीस साली एका बग्गीवाल्याच्या पोराने नेकार नदीकाठच्या शेडमध्ये मोटारी बांधायला घेतल्या आणि एकतीसला 'लोरिंगर आठ' काढली. आठ सिलिंडर, आणि इतकी गुळगुळीत चालायची की बॉनेटवर भरलेला पेला ठेवून फोटो काढायचे. बँकवाले, सिनेमातल्या नट्या, सगळे रांगेत. एकूण शहाण्णव गाड्या बनल्या. मग लढाई आली आणि कारखान्यात लष्करी ट्रकच्या गाद्या शिवायला लागले. नंतर सगळंच बंद.

"ते आठचं इंजिन माझ्या वडिलांनी काढलं," मिरियामबाई म्हणाल्या. "एमिल रोझेनाउ. अडतीसला ज्यू म्हणून त्यांना हाकललं आणि त्यांचं नावही पुसलं. तीन आठवड्यांपूर्वी संग्रहालयातल्या गाडीची ड्रायव्हरची गादी फाटली. उसवली तर घोड्याच्या केसांत ही वही निघाली."

"म्हणजे इंजिनाचा पुरावा गेला," ऑयगेन म्हणाले.

"नाही. नकाशांच्या प्रती सगळ्यांकडे आहेत. शेवटची सहा पानं ओल लागून चिकटली होती. ती सोडवायला आज स्टुटगार्टहून कागदाचा जाणकार यायचा होता."

"कोरी असतील ती, बाई."

"असतील. पण त्यांच्या आधीच्या पानाच्या तळाला आईचं नाव आहे. 'रुथ,' एवढंच. पुढचं वाक्य चिकटलेल्या पानावर." बाईंनी ओला हातमोजा पिळला. "एकोणचाळीसला त्यांनी मला एकटीला स्वित्झर्लंडला, बासेलच्या गाडीत बसवलं. नऊ वर्षांची होते. एक्केचाळीसच्या डिसेंबरात दोघांनाही रिगाच्या छळछावणीच्या गाडीत कोंबलं. त्यांचा एक शब्द माझ्याकडे नाही, केशेलेबाई."

रोझविताने शेगडी बंद केली. "दाजी, कोट घाला."

"आणि मसूर?"

"मसूर कुठे पळत नाहीत."

उद्या मृतांचा रविवार, गेलेल्यांच्या कबरींवर हार ठेवायचा दिवस. रस्त्यात बायका हिरवे गोल हार घेऊन कबरस्तानाकडे निघालेल्या. नदीवरचं धुकं कारखान्याच्या चिमणीपर्यंत चढलेलं. खाली मोठ्या शेडमध्ये संग्रहालय आणि त्याच इमारतीत वर तीन बिऱ्हाडं.

शेडमध्ये पाऊल टाकताच ऑयगेन थबकले.

टिक. टिक. टिक.

आवाज गाडीतून येत होता. काळी, लांबलचक, शवपेटीसारखी चकचकीत. डॅशबोर्डवरचं घड्याळ चालू होतं.

"मंगळवारपासून चालतंय," डॉक्टर हुमेल म्हणाले. हे संग्रहालय सांभाळायचे, वर पहिल्या मजल्यावर राहायचे, आणि लोरिंगरच्या इतिहासावर त्यांचं चारशे पानी पुस्तक येत होतं. चेहरा पिठासारखा पांढरा. "एक्केचाळीसपासून ते बंद होतं. त्याला चावी नाही. चावीचं भोकसुद्धा नाही. मी दहा वर्षं शोधलं."

"आणि गादी?" रोझविताने विचारलं. ड्रायव्हरच्या उसवलेल्या गादीत खळगा पडलेला. काळे केस बाहेर आलेले.

"रोज सकाळी मी ती थोपटून सरळ करतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बसून गेल्यासारखी."

"कुणीतरी वजनदार," ऑयगेन पुटपुटले आणि रोझविताच्या जवळ सरकले.

"वही कुठे होती?"

"काचेच्या पेटीत. पेटीची किल्ली त्या खिळ्यावर. सगळ्यांना माहीत आहे." हुमेल ओशाळले. "काल सहाला मी शेड बंद केली तेव्हा वही होती. आज आठला नाही. पोलीस आले, म्हणाले जुनी वही आहे, कुणीतरी चुकून नेली असेल."

"पोलिसांना घरी जेवायचं होतं. शेडच्या किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, लोरिंगरसाहेबांकडे आणि वरच्या क्नापबाबांकडे. ते पूर्वी इथे गाद्या शिवायचे."

"वही गेल्याने तुमचा काय फायदा?"

"फायदा?" हुमेल पहिल्यांदा तापले. "माझं अख्खं शेवटचं प्रकरण त्या सहा पानांसाठी अडून राहिलंय. छापखानेवाला रोज शिव्या घालतोय."

लोरिंगरसाहेब, म्हणजे संस्थापकांचा मुलगा गेरहार्ट, बाजूच्या खोलीत सिगार चावत बसले होते. पेटवलेली नव्हती, नुसतीच चावत होते.

"तुम्हाला वाटत असेल मी चोरली. बापाचं नाव राखायला."

"वाटलं होतं," रोझविता म्हणाली.

त्यांनी टेबलावरचं फडकं ओढलं. खाली पितळी पाटी. लोरिंगर आणि रोझेनाउ, दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत. "आठवड्यापूर्वीच ओतून घेतली. मनापासून नाही. पण नकाशे बघितल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू? उद्या ती भिंतीवर चढणार, वही असो नसो."

"त्या गाडीत कधी बसलात?"

"बाप मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. नंतर माझीच हौस मेली."

बाहेर जिन्यात आयझेलेबाई उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या. हातात कोबी, आणि कान शेडच्या दाराला.

"मी काही ऐकत नव्हते," त्या म्हणाल्या.

"ऐकायलाच हवं होतं. जिना छान चकाकतोय."

"क्नापबाबांची पाळी होती ना. माणूस चोख हो. छत्तीसपासून या आवारात, एक शनिवार चुकला नाही. आता पाटी माझ्या दारावर आलीय." त्यांच्या दाराच्या मुठीला झाडलोटीच्या पाळीची लाकडी पाटी लटकलेली; ज्याचं झाडून झालं त्याने ती पुढच्या दारावर लावायची. "सकाळी आठला बाजारात गेले, दहाला आले, तर लटकलेली."

"क्नापबाबा घरी आहेत?"

"उल्मला. बहिणीकडे. काल साडेसहाला पिशवी घेऊन निघाले. मी म्हटलं, बाबा, जिना कोण झाडणार, तुमची मेलेली आजी? तर म्हणाले, उद्या दुपारी आलो की झाडतो."

"काल पाटी कुणाच्या दारावर होती?"

"त्यांच्याच. आज बाजारात जातानाही बघितली ना."

रोझविताने ऑयगेनकडे बघितलं. ऑयगेननी कोबीकडे बघितलं.

अंगणात ती कचऱ्याच्या डब्यात वाकली. वर मूठभर धूळ, आणि धुळीत लांब काळे राठ केस.

"कुणाचं कुत्रं असेल," ऑयगेन म्हणाले.

"आयझेलेबाई, इथे कुत्रं कोण पाळतं?"

"कोण पाळेल? माझ्या जिन्यात?"

साडेबाराला फाटकातून क्नापबाबा आले. एकोणऐंशी वर्षांचा रुंद म्हातारा, टोपी, पिशवी, जाड बोटं. मिरियामबाईंना बघून त्यांनी टोपी काढली आणि काढलेली हातातच ठेवली.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "रोझेनाउसाहेब आले असतील. स्वतःचं न्यायला."

"भुतं वही नेतात का, बाबा?" रोझविताने विचारलं.

"ज्याचं राहून गेलं तो येतोच."

रोझविता शेडमध्ये गेली आणि सरळ गाडीच्या पुढच्या भागात पाठीवर झोपली. पाय दाराबाहेर. ऑयगेननी लाजून तोंड फिरवलं. डॅशबोर्डच्या पोटात तिचा हात चाचपडत होता. मग 'कर्र कर्र' असा आवाज आला आणि ती बाहेर निघाली. बोटाला ग्रीस.

"सगळ्यांना बोलवा, दाजी. आयझेलेबाईंनाही. त्या तशाही येणारच आहेत."

सगळे गाडीभोवती जमले. क्नापबाबा दाराजवळ.

"भुताला मी नाही म्हणत नाही," रोझविता म्हणाली. "पण या भुताला झाडू लागतो. आधी कारण बघू. इंजिनाच्या नकाशांसाठी चोरी झाली म्हणाल, तर प्रती सगळ्यांकडे आहेत. लोरिंगरसाहेबांनी पाटी ओतून घेतलीय, त्यांना आता लपवायला काही उरलं नाही. डॉक्टर हुमेलना तर ती पानं हवीच होती. म्हणजे चोराला नकाशांशी देणंघेणं नव्हतं. त्याला भीती होती चिकटलेल्या पानांची, आणि ती आज अकराला सुटणार होती."

"पण त्यात काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नाही," हुमेल म्हणाले.

"एकाला माहीत होतं. आता घड्याळ. त्याला चावी नाही, कारण त्याच्या पाठीमागे खाली एक दातेरी कडं आहे. खालून हात घालून फिरवायचं. तुम्ही पुस्तकं वाचलीत डॉक्टर, पण गाडीच्या पोटात कधी झोपला नाहीत. गाद्या बसवणारा झोपतो. त्याला खालचा प्रत्येक बोल्ट पाठ असतो."

टिक टिक तेवढी चालू.

"तरी क्नापबाबा उल्मला होते की," ऑयगेन म्हणाले.

"असं ते म्हणतात. काल साडेसहाला निघाले, तेव्हा पाटी त्यांच्या दारावर. आज आठलाही तिथेच. दहाला आयझेलेबाईंच्या दारावर आणि जिना लख्ख. कुणी झाडला?"

"शेजाऱ्याने झाडला असेल."

"दाजी, तुम्ही साठ वर्षं या मुलखात राहता. दुसऱ्याच्या पाळीचा जिना झाडणारा एक तरी माणूस बघितलात?"

ऑयगेननी विचार केला. "नाही."

"फाटलेल्या गादीवर बसणाऱ्याच्या विजारीला केस चिकटतात. वही घेऊन तो पहाटे वर गेला. उजाडल्यावर बघतो तर केस पायरीपायरीवर, थेट त्याच्या दारापर्यंत. आयझेलेबाई बाजारात जायची वाट बघितली आणि झाडून टाकले. तिथपर्यंत हुशारी होती. पण जिना झाडून झाला, की पन्नास वर्षांची सवय. हात आपोआप मुठीकडे गेला. पाटी काढली, पुढच्या दारावर अडकवली, आणि मग मागच्या वाटेने निघून गेला, दुपारी पिशवी घेऊन परत यायला."

आयझेलेबाईंच्या हातातला कोबी खाली पडला. कुणी उचलला नाही.

"जाळली का, बाबा?" रोझविताने हळू विचारलं.

क्नापबाबांनी मान हलवली. "दोनदा काडी ओढली. नाही जमलं. माझ्या खुर्चीत आहे."

ऑयगेन आणि हुमेलनी ती आरामखुर्ची वरून खाली आणली. "चोरीचा माल हलका असावा माणसाने," असं काहीतरी ऑयगेन धापा टाकत म्हणाले, पण कुणी हसलं नाही. बसायच्या गादीच्या कडेला नवा मेणाचा दोरा चमकत होता. बाबांनी स्वतः दाभण घातला आणि टाके एकेक उसवले. वही निघाली.

अकराला आलेला कागदाचा जाणकार अजून शेडच्या कोपऱ्यात चहा पीत बसला होता. वाफ आणि हाडाची पातळ सुरी घेऊन त्याला एक पान सुटायला वीस मिनिटं लागली. बाकीची पाच कोरी होती.

मिरियामबाईंनी मोठ्याने वाचलं. "रुथ, माझी वाट बघू नकोस. घरावर पहारा आहे, मला येता येत नाही. वही क्नापबरोबर पाठवतोय. वीस तारखेला कॉन्स्टान्सला जा. तळ्याकाठी हायनी नावाचा मासेवाला आहे, तो पलीकडे स्वित्झर्लंडात सोडेल. मिरियामकडे जा. मी मागून येतो."

त्यांनी वही मिटली. "आई शेवटपर्यंत घरीच होती. शेजाऱ्यांनी मला कळवलं होतं. म्हणाली होती, एमिलचा निरोप आल्याशिवाय मी हलणार नाही."

क्नापबाबा उभेच होते. "मागच्या फाटकावर दिली त्यांनी. दुसऱ्या दिवशी कारखान्याची झडती आली. मी घाबरलो. ही गाडी ताडपत्रीखाली होती, तिच्या गादीत शिवून टाकली. म्हटलं आठवड्याने नेऊ. आठवड्याने घराला सील." त्यांनी टोपी दाबली. "मंगळवारी त्यांचं घड्याळ चालू केलं. दर मंगळवारी तेच कडं फिरवायचे, त्यांना काढल्यावर मी. बसून त्यांना सांगायचं होतं, की आता पोरीला कळणार. सांगता नाही आलं. मग वाटलं, कळूच नये."

"मी पोलिसांना फोन करतो," लोरिंगरसाहेब म्हणाले.

"नको," मिरियामबाई म्हणाल्या.

त्या बाबांच्या समोर आल्या. आता मारतील असं ऑयगेनना वाटलं. बाबांनाही वाटलं असावं, त्यांनी डोळे मिटले.

"तुम्हाला मी माफ करणार नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही, नंतरही नाही. ते मागू नका."

"नाही मागत."

"पण त्यांच्याशी शेवटचं बोललेला जिवंत माणूस तुम्हीच. बसा त्या खुर्चीत."

बाबा बसले. बाईंनी लाकडी स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"वही देताना काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा. स्वतःचं काही घालू नका."

बाबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "म्हणाले, 'रुथला दे.' मग म्हणाले, 'आठची मागची डावी स्प्रिंग अजून कुरकुरते का रे?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो साहेब, कुरकुरते."

"मग?"

"हसले. म्हणाले, 'माझ्या पोरीला तो आवाज आवडायचा. राहू दे तसाच.'"

रोझविताने ऑयगेनच्या बाहीला धरून त्यांना दाराकडे ओढलं, हुमेलना खूण केली. आयझेलेबाई एकदाच काय त्या न सांगता निघाल्या.

मागून बाईंचा आवाज आला. "आवाज कसा होता त्यांचा? घोगरा? सर्दी झाली होती का? सांगा. माझी बासेलची गाडी उद्या संध्याकाळी आहे."