ईश्वरीचं म्हणणं

“काका, एक मिसळ, तर्री जास्त, आणि पाव कालचा देऊ नका हं!”

वाक्य ठणठणीत होतं, पण ते ईश्वरीच्या गळ्यातल्या पट्टीतून आलं होतं. तिच्या तोंडून जेमतेम एक हुंकार निघाला होता. आज तिला तर्री नकोच होती. पण पट्टीने नेहमीचं वाक्य ठोकून दिलं आणि कराड बसस्थानकासमोरचे मिसळवाले काका खूश झाले. ईश्वरीही हसली. चालायचंच.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून तिचे हातपाय आणि जीभ तिचं ऐकत नसत. डोकं मात्र तल्लख. ही कंठपट्टी गळ्याच्या स्नायूंची थरथर टिपायची, तिच्या आजवरच्या साठवलेल्या बोलण्याशी ताडून पाहायची आणि अर्ध्यामुर्ध्या आवाजाचं अख्खं वाक्य करायची. पट्टी आली आणि शाळेने अक्षरांचा तक्ता अडगळीत टाकला. नजरेने एकेक अक्षर दाखवत बसायला आता वेळ कुणाला होता?

मिसळ भरवून झाल्यावर आईने खुर्ची शाळेकडे ढकलली. आज बारावीनंतरचा आराखडा ठरायचा होता. पूर्वी आईवडीलच अशा मुलांचं सगळं ठरवून मोकळे व्हायचे, म्हणून नवा नियम आला होता: विद्यार्थ्याने स्वतः सांगायचं आणि तेच नोंदवायचं. ईश्वरीला कोल्हापूरला वसतिगृहात राहून वकिली शिकायची होती. बसस्थानकाच्या पायऱ्यांवर तिला अजून पोत्यासारखं उचलून न्यावं लागे. तिथे उतार का नाही, हे तिला कोर्टात विचारायचं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आजच सांगायचं, सगळ्यांसमोर, असं तिने ठरवलं होतं.

“बोल ईश्वरी, पुढे काय करायचंय?” समुपदेशक लाटकर सरांनी विचारलं.

तिने छाती भरून श्वास घेतला. “को… ल्हा…”

“मला आईजवळ राहायचं आहे,” पट्टी म्हणाली.

हे वाक्य तिचंच होतं. दवाखान्यात, नव्या वर्गात, घाबरली की ती लहानपणापासून हेच म्हणायची. पट्टीकडे ते शेकडो वेळा साठलं होतं. वसतिगृहाचं नाव एकदाही नव्हतं. जे ती कधी बोललीच नव्हती, ते ती आज बोलेल, हे पट्टीच्या हिशेबात बसत नव्हतं.

ईश्वरी किंचाळली. हात टेबलावर आदळला, पाण्याचा पेला लवंडला.

“मी दमले आहे,” पट्टी म्हणाली.

“होतं असं. मोठा दिवस आहे,” सर समजुतीने म्हणाले. “घरबसल्या एक काम आहे बघ. संगणकाला चित्रं ओळखायला शिकवायचं. आईच्या नजरेसमोर राहशील.”

ईश्वरीने नाही म्हणायला तोंड उघडलं.

“चालेल, सर. थँक्यू,” पट्टी म्हणाली.

तिने मान कशीबशी आईकडे वळवली. पट्टी नव्हती तेव्हाही आईला तिचं सगळं कळायचं: भूक, खाज, रुसवा, अगदी तिचे विनोदसुद्धा. आईच्या डोळ्यांत पाहत ती सावकाश म्हणाली, “को… ल्हा… पू…”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. कळलं! आईला कळलं! ईश्वरीला इतका आनंद झाला की तिचे पाय थरथरू लागले.

“मला आईजवळ राहायचं आहे,” पट्टी पुन्हा म्हणाली.

“ताई, खरं तर तुम्हाला विचारायचं नसतं,” सर म्हणाले, “पण तिला हेच म्हणायचंय ना?”

आईने पदर मुठीत घट्ट धरला. तिकडे हिला कुशीवर कोण वळवील? घास अडकला तर कुणाला कळेल? आणि रिकाम्या घरात आपण दिवसभर करायचं तरी काय? बाई वाईट नव्हती, घाबरली होती.

“पट्टी म्हणतेय तेच की, सर,” ती खिडकीकडे पाहत म्हणाली.

सरांनी नोंद केली.

बाहेर आल्यावर आईने पट्टी काढली आणि तिचा घामेजलेला गळा पुसला. ईश्वरीने तेवढ्यात स्वतःच्या तुटक, घोगऱ्या आवाजात विचारलं, तुला कळलं होतं ना?

आईचा हात थांबला. मग तिने वाकून लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“काय म्हणतेस गं, सोन्या? काही कळत नाही बघ. पट्टी लावू का?”