पळपुटा

आग विझवण्याचा सराव चालू असताना विल्फच्या हातून पाण्याचा पाइप निसटला आणि बेकरीवाल्या डल्सीच्या हातातले ट्रेभर ताजे बन भिजून चिंब झाले. डल्सीही नखशिखांत भिजली.

"लढाईवर जायचं सोडून इथे बनांना आंघोळ घालताय?" ती कडाडली. "पळपुटे कुठले!"

विल्फ लंडनचा टॅक्सीवाला. युद्ध लागलं तसा टॅक्सीमागे पंप जोडून तो अग्निशमन दलात मदतनीस झाला. त्या कामाला सैन्यभरतीतून सूट होती. पण वर्ष होत आलं तरी लंडनवर बॉम्ब पडेना, म्हणून डल्सीचा शब्द गल्लीने लगेच उचलला. बेकरीच्या रांगेत बायका त्याच्याकडे पाठ फिरवायच्या. तो मात्र रोज यायचा.

"एक बन. कोरडा द्या हं," म्हणायचा.

डल्सी हसू दाबत त्यातल्या त्यात मोठा बन निवडायची. रोज मोठाच का, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

एका शुक्रवारी तो म्हणाला, सूट सोडतोय, सोमवारी सैन्यात जाणार. "तुमच्या शब्दाला मान दिला…"

जाऊ नका, असं डल्सीच्या ओठांवर आलं होतं… पण ती नुसतंच "बरं" म्हणाली. मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

शनिवारी बॉम्ब पडले. गोदी पेटली. रविवारभर डल्सीला धुराखेरीज काही दिसलं नाही आणि विल्फखेरीज काही सुचलं नाही.

सोमवारी सकाळी तो आला. काळाठिक्कर, भुवया जळालेल्या, पण धडधाकट. त्याच बायका बाजूला झाल्या. "पुढे हो रे बाळा."

"माझा नंबर शेवटचा," म्हणत तो रांगेच्या टोकाला उभा राहिला.

डल्सी गल्ला सोडून, बन घेऊन तिथवर गेली. "आज… जाणार तुम्ही?"

"दलाचे साहेब म्हणतात, अजून नाव मागे घेता येईल. मलाही इथेच राहावंसं वाटतंय. पण पुन्हा कुणी पळपुटा म्हणालं तर…"

"तो शब्द माझा, मी परत घेतला. तू राहा."

"तू?"

"हो, तू. सवय करून घे." तिने बन पुढे केला. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

विल्फने बनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हाही ओलाच की गं," तो म्हणाला, आणि आवडीने खाऊ लागला.