बारखाणापासून दोनशे पावलं

इंजिनियरकाकांनी चौथ्या जागी फावडं रोवलं आणि चौथ्यांदा कोरडी वाळूच निघाली.

बोअर महिन्यापूर्वीच आटलं होतं. शनिवारपर्यंत जुनी, बुजलेली विहीर सापडली नाही, तर वस्ती रिकामी करायची असा हुकूम होता. मावशीची बेकरी तर बंदच पडली होती. पाण्यावाचून पीठ काय थुंकीने मळणार? सुट्टीला आलेली चष्मिस, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मावशीची लेक तायडी गार भट्टीपाशी तोंड पाडून बसत.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर लिहिलं होतं, 'विहीर: बारखाणाच्या पायथ्यापासून पूर्वेला दोनशे पावलं.' बारखाण म्हणजे समोरची वाळूची टेकडी. कुणा साहेबाचं नाव दिलं असेल तिला, असं काका म्हणत आणि पुन्हा पावलं मोजू लागत.

मग ढब्बूने भोकाड पसरलं. महिन्यापूर्वी, सुट्टीच्या पहिल्या दिवशी, टेकडीच्या पूर्वेच्या पायथ्याशी रोवलेला त्याचा स्टंप गायब झाला होता. तायडीने उकरून काढला, तर तो पायथ्याच्या कडेपासून चांगला पाऊलभर आत, वाळूखाली! चष्मिसने तडक मावशीचा जाडजूड शब्दकोश उघडला. बारखाण हे कुणाचंच नाव नव्हतं. तुर्की भाषांतून आलेला शब्द होता तो. अर्थ दिला होता: वाऱ्याने रचलेली, चंद्रकोरीच्या आकाराची, वाऱ्याबरोबर पुढे सरकणारी वाळूची टेकडी.

"काका, तुम्ही चालत्या खुणेपासून मोजताय," ती म्हणाली. "महिन्याला एक पाऊल, वर्षाला बारा. पंचवीस वर्षांत तीनशे. म्हणजे विहिरीच्याही शंभर पावलं पुढे."

काकांनी दोनदा हिशेब केला आणि फावडं खाली ठेवलं. विहीर सापडली होती, पण ती आता टेकडीच्या पोटात होती. वाळू उपसावी, तर वारा तेवढीच पुन्हा आणून टाकणार. टेकडी विहिरीवरून पुढे सरकायला आणखी दहा वर्षं तरी लागणार होती.

काकांनी तिघांची पाठ थोपटली. "आमच्या डोक्यात हे यायला हवं होतं," ते म्हणाले.

शनिवारी ट्रक आला. निघण्यापूर्वी मुलांनी नव्या नकाशावर विहिरीचं अंतर लिहिलं, बेकरीच्या दगडी पायरीपासून मोजून.

"दहा वर्षांनी मी तेवीसची असेन," तायडी म्हणाली. "तेव्हा परत येऊ."

 मावशीने रिकामी भट्टी स्वच्छ पुसली आणि दार लावून घेतलं.