वीस हजार एकशे साठ

दूध घालायला आलेल्या शिवकांताच्या पायावर आधी डबी आदळली, मग संस्थेच्या खिडकीतला तो दिसला. शिवशरण, दूध संस्थेचा सचिव. दुष्काळानं गावचं दूध चाळीस कॅनवरून दोनवर आलेलं, आणि हा गडी खुशाल खेळत बसलेला! झाकण उघडून एक ते सात आकडे घातलेले लाकडी ठोकळे मातीत सांडले होते. त्यानं बाहेर येऊन ते घाईघाईनं, हाताला येतील तसे आत भरले.

पारदर्शक डबी. खाली चार घरं, वर चार, एक रिकामं. डबी कलवली की शेजारचा ठोकळा रिकाम्या घरात सरके.

मग रोजच दीड लिटर दूध घालायला तिला तासभर लागू लागला.

"रविवारी लातूरचे पाहुणे येणार हायत... मला बघायला," एकदा ती हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं डबी पुढं केली. "एक ते सात वळीनं लावून दावा. मग... एक बोलायचं हाय."

"आत्ताच बोला की!"

"आधी लावा."

तीन दिवस ती झुंजली. पाच आकडे जागेवर येत. सहा-सात मात्र उलट्या क्रमानंच राहत. बी.एस्सी. झालेली पोर, अखेर वही घेऊन मांडण्या मोजू लागली. आणि उत्तर बघून हादरलीच.

शनिवारी तिनं डबी खिडकीत आपटली. "मला का म्हून फशिवलं? एकूण मांडण्या चाळीस हजार तीनशे वीस. सरकवून मिळतात फकस्त निम्म्या, वीस हजार एकशे साठ! दर चाल म्हंजे एक अदलाबदल, अन् रिकामं घर जागेवर परतायला चाली समच लागतात. दोनच ठोकळे उलटे असले तर ती अदलाबदल एकच, विषम; जल्मात जमायचं न्हाई. तुमाला बोलायचंच नव्हतं!"

शिवशरण पांढराफटक पडला. "आईशप्पथ... मला ठाऊक न्हाई! त्या दिशी मीच उलटे भरले असतील. मी तर रोज देव पाण्यात घालून बसलो हाय!"

आता थक्क व्हायची पाळी तिची होती. तिनं झाकण उघडलं, सहा आणि सात उचलले, अदलाबदल केली.

"नुसतं सरकवून भागत न्हाई. कुणीतरी झाकण उघडावं लागतंय. मी उघडलं. आता बोला."

"मला तुमी लई आवडता," तो एका दमात म्हणाला. "लगीन कराल?"

रांगेतल्या छबुबाईच्या हातून दुधाची किटलीच निसटली.

"उद्या पाहुण्यांच्या आधी घरी या, मागणी घालायला," शिवकांता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. त्यानं तिथंच खिडकी लावली आणि आपल्या वडिलांना बोलवायला अनवाणीच धावला.