बुक्क्याची सही

खडकेश्वराच्या देवळात काल्याचं कीर्तन उभं राहायला अजून घटकाभर अवकाश होता, आणि द्वारका तिथं भांडायला आली होती.

मंडपाच्या कडेला एक तरुण टाळांच्या दोऱ्या आवळत बसला होता. ती थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“सांडूबुवा कन्नडकर कुठं भेटतील?”

“फराळाला बसलेत. काय काम व्हतं?”

तिनं पिशवीतून वही काढली. गवई, नट, क्रिकेटवाले… थोरामोठ्यांना पत्र लिहायचं, सोबत कोरं कार्ड अन् तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं, आणि सही येईस्तोवर पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावायचे, हे तिचं कॉलेजात गेल्यापासूनचं वेड. एक्केचाळीस सह्या जमल्या होत्या. बेचाळिसावं पान रिकामं होतं.

“तुमच्या बुवांनी माझं कार्ड कोरंच धाडलं. सही द्यायची नाही, तर तसं लिहावं माणसानं.”

त्याचे हात थांबले. “कोरं कसं येईल? पाकीट मीच चिकटवलं की.”

“तुम्ही?”

“मी बद्रीनाथ. बुवांच्या मागं टाळ धरतो, त्यांची पत्रं वाचून दाखवतो. बुवांना अक्षर येत नाय. एवढे अभंग, सगळे ऐकून पाठ.” त्याचा आवाज आपसूक हळू झाला. “शाईचा अंगठा कचेरीला, माणसाला बुक्का, असं म्हणतात ते. बुक्क्यात अंगठा बुडवून तुमच्या कार्डावर टेकवला त्यांनी. पोस्टात झडला असंल…”

द्वारकाचा राग जागच्या जागी विरला. पाकिटाच्या तळाशी काळी पूड होती खरी. वास येताच आई हरखली होती. तो बुक्का तिनं देवाला लावला, स्वतःला लावला, शेजारच्या लक्ष्मीबाईंना हाक मारून त्यांनाही लावला. द्वारकानं ते सगळं त्याला सांगून टाकलं.

“म्हंजी बुवांची सही निम्म्या गल्लीच्या कपाळावर गेली,” बद्रीनाथ म्हणाला. “लई झालं. वहीत पडून काय करणार व्हती?”

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली.

“दुसरी मिळवून द्या मग.”

“देतो. पण मला एक कबूल करायचंय…”

तेवढ्यात मृदंगावर थाप पडली, अन् तो उठला.

बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा सोडल्या की बायकांच्या बाजूला ताकभाताचा वास दरवळला. देवानं उष्टा घास मागितला तेव्हा सगळा मंडप गलबलला. द्वारकानं पदर डोळ्यांना लावला, आणि सहज टाळकऱ्यांकडं पाहिलं. बद्रीनाथचे दोन्ही हात टाळांत गुंतलेले. त्यानं मान वळवून खांद्यालाच डोळे पुसले.

हे तिनं आधी पाहिलं होतं. गेल्या वर्षी, कन्नडला, मामाच्या गावी. पाहिलं होतं आणि… पत्रात लिहिलंही होतं. तिचे कान तापले.

काल्याच्या लाह्या वाटून झाल्या. बुवांनी नाव विचारलं, अंगठा बुडवून नव्या कार्डावर टेकवला आणि हसले. “बद्री अन् द्वारका. दोन धामं एका मांडवात. हलवू नको बरं, पोरी.”

कार्ड दोन्ही तळव्यांवर धरून ती बाहेर आली. बद्रीनाथ मागोमाग.

“तुमच्या पत्रातली एक ओळ मी बुवांना वाचली नाय.”

“कोणती?” माहीत असून तिनं विचारलं.

“मागं एक टाळकरी खांद्याला डोळे पुसत होता, तो काही केल्या विसरत नाही… ती. माझी मीच वाचली.” तो चपला शोधू लागला. “लई वेळा.”

“यस्टी सुटंल, बद्री!” तिकडून कडूबा मृदंगवाले ओरडले.

आता हा जाणार. द्वारकानं कार्ड पायरीवर अलगद ठेवलं आणि वहीचं त्रेचाळिसावं पान उघडलं.

“सही करा.”

“मी कुठला थोर?”

“ते मी ठरवते.”

त्यानं वहीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “मग रीतीनं मागा. परतीचं पाकीट कुठंय?”

ते तिच्या पिशवीत कायम तयार असे, आत कोऱ्या कार्डासकट. तिनं काढून दिलं. त्यानं खिशात ठेवलं आणि पळाला.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी फकिरा पोस्टमननं दारात पाकीट दिलं. कार्डावर ठसठशीत अक्षरात ‘बद्रीनाथ’, आणि खाली –

‘ती ओळ काल बुवांना वाचून दाखवली. ते विचारतात, तुमच्या वडिलांना भेटायला कोणत्या वारी यावं?’

पाकिटाच्या तळाशी चिमूटभर बुक्का होता.

“या वेळी कुणाची गं सही?” आईनं सवयीनं हात पुढं केला.

द्वारकानं बुक्का आधी स्वतःच्या कपाळी लावला, आणि मग कार्ड आईच्या हातात दिलं.