तोफेच्या कानातला कापूर

खंडेनवमीला हत्यारं पुजल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा आमच्या देवगडकडचा नेम मी बहरीनमध्येही कधी मोडला नाही. हिद्दच्या आमच्या वर्कशॉपात हत्यारं म्हणजे ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि क्रेनचा हूक. अरबी मालक पूजा लांबून बघतो, खोबरं मात्र हक्काने मागून खातो. गेल्या नवरात्रातही मनामाच्या देवळाजवळून झेंडूची फुलं घेऊन मी सकाळी यार्डात पोचलो. बरोबर पांडुरंग होता, माझा मेहुणा. बायकोचा एकुलता एक भाऊ. मीच त्याचा व्हिसा काढला होता, आणि निघताना बायकोने, मालूने, मला दारातच बजावलं होतं, "नेतास तसोच परत हाडा."

मी तसा भित्रा नाही हो. बायको सोडली तर कुणाला घाबरल्याचं आठवत नाही. म्हणून सांगतो ते ऐका, आणि मधेच "भास झाला असेल" म्हणू नका. भासाने माणसाचा हात तुटत नाही.

त्या सकाळी धुकं पडलं होतं. थंडी लागायच्या आधी तिथे समुद्रावरून अधूनमधून असं दाट धुकं येतं की समोरची क्रेनही दिसत नाही. बाकीची माणसं यायची होती. यार्डात आम्ही दोघं आणि मधोमध लोखंडी ठोकळ्यांवर ठेवलेली ती तोफ.

बंदराजवळ गाळ उपसताना ती सापडली होती. आखूड, रुंद तोंडाची, अंगावर शिंपल्यांचा थर. एका शेठला ती बंगल्यासमोर मांडायची होती, म्हणून साफ करायला आमच्याकडे आली. तिच्यावर देखरेख लीना मॅडमची. त्या पुण्याच्या, समुद्रातून निघालेल्या जुन्या वस्तू टिकवणं हे त्यांचं शिक्षण. ही इंग्रजांच्या शिडाच्या लढाऊ जहाजावरची, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन जहाजं अंगाला अंग घासण्याइतकी जवळ आली की ही डागायची. नेम धरायची गरज नाही, समोरची माणसं चिंधड्या होऊन पडायची. "तोंडाशी खटपट करू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "आत गोळा अजून भरलेला आहे. डागायची राहून गेलीय."

पांडुरंगने सगळ्या मशीनना कुंकू लावलं आणि तोफेसमोर उभा राहिला.

"भावोजी, हेका पण लावया?"

"ती आपली नाही रे. शेठची आहे."

"शेठची असली म्हणान काय झाला? ग्राइंडराक हत्यार म्हणतास आणि खऱ्या हत्याराक उपाशी ठेवतास?"

बोलणं खोटं नव्हतं. मी हसून मान डोलावली. तोंडाशी हात लावायचा नव्हता, तो त्याने लावलाही नाही. पाठीवर कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. मग कापूर कुठे ठेवावा म्हणून बघू लागला. तोफेच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूला एक छोटं भोक असतं. पूर्वी तिथेच बत्ती द्यायचे, त्याला तोफेचा कान म्हणतात. कानाभोवती वाटीसारखी खळगी होती. पांडुरंगने वडी बरोबर तिथे ठेवली आणि काडी ओढली.

कापराची ज्योत वर जाते. ही वाकली आणि आत ओढली गेली.

आत काहीतरी फुस्स झालं. एवढी अवजड तोफ ठोकळ्यांवरून हातभर मागे सरकली. आवाज आला नाही, धूर आला नाही. पांडुरंगने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग धुक्याला वास यायला लागला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा, जळक्या दारूचा.

"भावोजी... पायाखाली बघा..."

काँक्रीटवर ओली वाळू पसरलेली होती. आणि जमीन हलत होती. उजवीकडे कलायची, थांबायची, डावीकडे कलायची. माझा जन्म होडीतला. ते हलणं मी झोपेतही ओळखेन.

तोफ डागली की पलीकडून उत्तर येतं.

ते आलं. त्याचा आवाज आधी छातीत घुसला, कानात नंतर. ज्या यार्डात लाकडाची फळी नावाला नव्हती, तिथे हातभर लांबीच्या अणकुचीदार ढलप्या सुऱ्यांसारख्या उडत गेल्या. धुक्यातून माणसं निघाली. उघडी, काळवंडलेली, कानावरून फडकी बांधलेली. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तोफेला गराडा घातला. एक जण ओला बोळा तिच्या नळीत खुपसत होता, त्याचा खालचा जबडा जागेवर नव्हता आणि तरी तो खुपसत होता. दुसऱ्याच्या पोटात ढलपी घुसली, तो बसला. त्याला दोघांनी हातापायाला धरून उचललं आणि धुक्यात फेकलं. पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्याला फेकलं तेव्हा तो ओरडत होता, हे मी आजही विसरू शकत नाही.

त्याची जागा रिकामी झाली होती. एकाने पांडुरंगच्या दंडाला धरून त्या जागी उभं केलं आणि हातात दोर दिला.

"पांड्या, सोड तो!"

त्याने सोडला नाही. त्याची नजरच बदलली होती. सगळ्यांबरोबर तोही दोर ओढत होता, त्यांच्याच लयीत, जणू जन्मभर हेच काम केलंय. मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे खेचू लागलो. मला रडू येत होतं. देवी बयो, एवढा एक परत नेऊ दे, मी दुसरं कुठे काही मागतोय, असं मी मोठमोठ्याने म्हणत होतो.

पुढचा गोळा आमच्या अंगाला घासून गेला. वाऱ्याचा फटका बसून मी पडलो. उठून बघतो तर पांडुरंग अजून उभाच होता आणि त्याचा उजवा हात कोपराखाली कातड्याच्या पट्टीवर लोंबत होता. रक्त पिचकारीसारखं उडत होतं, वाळू ते पीत होती. दोघं त्याला उचलायला आले.

"फेकू नका! तो मेला नाही! ज़िंदा है, ज़िंदा है!"

त्यातला एक थांबला. पांडुरंगच्या तोंडासमोर त्याने तळवा धरला, श्वास बघितला. मग त्यांनी त्याला समुद्राकडे नेलं नाही. जमिनीत एक चौकोन उघडला होता, खाली कंदील हलत होते, तिथे ते त्याला घेऊन उतरले. मी मागे धावलो आणि काँक्रीटवर तोंडावर आपटलो.

धुकं विरलं तेव्हा पांडुरंग तोफेजवळ निजलेला होता. हात नव्हता. बाकी उरलेल्या दंडाला कुणीतरी नीट पट्टी बांधली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर नाझिश यांनी पट्टी सोडली. मग मला बाहेर बोलावलं. "भाईसाब, ये ऑपरेशन किसने किया?"

"किसी ने नहीं... मशीन में गया हाथ." दुसरं काय सांगणार होतो?

"मशीन टांके नहीं लगाती. हड्डी आरी से कटी है. एक-एक नस धागे से बंधी है, और धागे को डामर लगा है. इसी ने जान बचाई है इसकी."

त्याच्या दातांत चामड्याचे तंतू अडकले होते, हाड कापताना चावायला पट्टा दिल्यासारखे, आणि मांडीतून लाकडाची ढलपी निघाली. ती लीना मॅडमना दाखवली. सागवान, म्हणाल्या. इंग्रजांची काही जहाजं मुंबईच्या गोदीत सागवानातच बांधली जायची. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. कोण तारतो आणि कशासाठी, हे मात्र कुणी सांगत नाही.

नसा बांधलेले धागे जखमेतून लांब बाहेर सोडलेले होते. डॉक्टरांनी त्यांना हात लावला नाही, ओढले तर रक्त येईल म्हणाल्या. पण रोज सकाळी एक धागा कमी व्हायचा. खदिजा नावाची नर्स शपथेवर सांगायची, मी नाही काढला. शेवटी मी मॅडमना विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

"जहाजावरचा सर्जन धागे तसेच सोडायचा, सदानंद. रोज फेरीला यायचा आणि एकेक हलकेच ओढून बघायचा. सगळे सुटले की माणूस बरा झाला."

"आणि बरा झाला की?"

"परत तोफेवर."

पांडुरंगला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "भावोजी, माका हयसून न्हेवा. मी बरो झालंय काय ते माका नेतले."

मी मालकाच्या हातापाया पडून रजा घेतली आणि गावी परतायला मिळेल ते विमान पकडलं. तेव्हा एकच धागा उरला होता. दिवसाढवळ्याचं विमान, आजूबाजूला सुट्टीला निघालेली पोरंबाळं. पांडुरंग खिडकीशी बसला आणि पाण्यावरून जाऊ लागताच झोपला. मला जरा हायसं वाटलं. मग तो झोपेतच कण्हला.

"हळू... हळू ओढा..."

पट्टी सैल झाली होती. धागा लोंबत नव्हता. तो खिडकीच्या दिशेने हवेत सरळ ताणलेला होता, शिवताना दोरा ताणतात तसा. मी तो चिमटीत धरला. थंड, चिकट. दुसऱ्या बाजूने ओढ होती, जोराची नाही, सवयीच्या हाताची. मी धरून ठेवला. मालूचं तोंड डोळ्यांसमोर आणून मी मनात म्हटलं, याला सोडा. काय हवं ते घ्या, पण याला सोडा.

ओढ थांबली. धागा माझ्या बोटांत सैल पडला आणि पांडुरंगचा श्वास संथ झाला.

मग दोन गार बोटं माझ्या मनगटावर टेकली आणि नाडी मोजू लागली.